सातव्या दाराचं फडकं

गल्लीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची दारं एक्केचाळीस. रोज सकाळी आठ वाजता त्यांतल्या चाळीस दारांच्या कडीला फडकं लटकलेलं असायचं. एक्केचाळिसावं नसायचं. दारांच्या रांगेत ते सातवं दार, आणि ते टेलरबाईंच्या सख्ख्या भावाचं. साऱ्या गल्लीला शिस्त लावायला निघालेल्या बाईच्या घरातच असा नमुना निघावा, याची लोकांना भारी गंमत वाटायची.

फडक्याची पद्धत तशी साधी होती. सकाळी उठायचं, तोंड धुवायचं आणि आठच्या आत दाराबाहेरच्या कडीला फडकं अडकवायचं. म्हणजे मी आहे, हातीपायी धड आहे, काळजी नको. संध्याकाळी ते आत घ्यायचं. आठ वाजता शेजार मंडळाच्या बायका गल्लीतून फेरी मारायच्या. जिथे फडकं दिसलं नाही तिथे दार वाजवायचं, उत्तर आलं नाही तर किल्लीने उघडायचं. सगळ्या किल्ल्या टेलरबाईंच्या दुकानात, मशीनशेजारच्या बिस्किटाच्या डब्यात असत.

ही अक्कल सुचली ती सुखासुखी नव्हे. सहा वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या खोलीत एक बाई मेली आणि नऊ दिवस कोणाला पत्ता लागला नाही. शेवटी वासाने कळलं. त्या बाईचा उसवलेला कोट टेलरबाईंच्या दुकानात शिवून तयार होता, आणि ‘काम होईपर्यंत जीव खाल्ला, आता न्यायला येत नाही’ म्हणून टेलरबाई नऊ दिवस तिच्या नावाने बोटं मोडत होत्या. तो कोट पुढे कोणी नेला नाही. टेलरबाईंनी तोच फाडला, त्यात दुकानातल्या चिंध्या-तुकडे जोडले आणि पहिली दहा फडकी शिवली. मग लाँड्रीवाली आली, आणखी चार बायका आल्या, मंडळ झालं.

विद्यापीठ आलं ते तीन वर्षांनी. समाजशास्त्राच्या प्राध्यापकबाई एकदा वही घेऊन आल्या आणि गेल्याच नाहीत. बाई सरळ होती. जिने चढायची, चहाला नाही म्हणायची नाही, म्हाताऱ्यांचं बोलणं मध्येच तोडायची नाही. तिच्या अहवालात फडक्याला ‘दैनंदिन दृश्य सूचक’ म्हटलेलं होतं. लाँड्रीवालीने ते वाचलं आणि म्हणाली, “चला टेलरबाई, आपलं फडकं मोठ्या घरी दिलं.”

त्या वर्षी विद्यापीठाने ठरवलं, की गावातल्या संस्थांबरोबर मिळून जी कामं चांगली चाललीत, त्यांचा सन्मान करायचा. प्राध्यापकबाईंनी अर्ज भरला. नुसत्या ढालीसाठी टेलरबाई कशाला जीव पाखडतील? पण सन्मानामागे नर्स होती. विद्यापीठाच्या दवाखान्याची नर्स तेव्हा फक्त मंगळवारी यायची, तीही तात्पुरती. सन्मान मिळाला की काम कायमचं धरलं जाणार होतं आणि नर्स आठवड्यातून तीन दिवस येणार होती. निवृत्त पोस्टमनच्या पायाची जखम दोन वर्षं भरत नव्हती, ती नर्सच्या हाताने भरत आली होती. अंध मास्तरणीला तिची गोळी कोणती, हे सांगणारं माणूस पहिल्यांदाच मिळालं होतं. असली माणसं गल्लीत एकेक करून मोजली तर चाळीस भरली असती.

समिती एका बुधवारी सकाळी आठला येणार होती. दारं मोजणार होती.

आदल्या संध्याकाळी टेलरबाई दादाच्या खोलीत गेल्या. दादा फ्रेमवाला. त्यांचे वडीलही फ्रेमवालेच. खोलीत अर्धी जागा कामाच्या टेबलाची, उरलेल्यात खाट आणि शेगडी. सत्तरी उलटून पाच वर्षं झाली तरी कोणाचा ना कोणाचा फोटो त्याच्याकडे चौकटीसाठी पडलेला असायचा, आणि त्याची हातोडी वाजत असायची. बारीक खिळ्याला दोन हलके ठोके, मग एक जोराचा. टक टक, ठक. वडील तसेच ठोकायचे. लहानपणी टेलरबाई त्या ठेक्यावर झोपी जायच्या.

“उद्या आठला पाहुणे येणारेत,” त्या म्हणाल्या. “तेवढं फडकं लाव.”

“कसले पाहुणे?”

“विद्यापीठाचे. दहादा सांगितलंय तुला.”

“मग अकराव्यांदा सांग. पण आधी चहा ठेव.”

त्यांनी शेगडी पेटवली. दादाने तोंडातला खिळा काढून टेबलावर ठेवला. खिळे ओठात धरून बोलायची त्याला सवय होती आणि ती बघून टेलरबाईंचा जीव साठ वर्षं टांगणीला लागलेला होता.

“दादा, चाळीस म्हातारी माणसं रोज लावतात. त्यांत एकीला डोळे नाहीत, तीसुद्धा चाचपून लावते. तुलाच काय धाड भरलीय?”

“त्या चाळीस जणांना बहीण नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? चिमे, फडकं दिसलं की तू पुढे जातेस. नाही दिसलं की दार वाजवतेस, आत येतेस, चहा टाकतेस, मला चार शिव्या घालतेस. आता मी काय येडा आहे फडकं लावायला?”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी टेलरबाईंना हसू आलं असतं, कदाचित डोळ्यांत पाणीही आलं असतं. पण त्या दिवशी त्या सकाळपासून उभ्या होत्या. जिने धुवून घेतले होते, नवी एक्केचाळीस फडकी एकाच निळ्या कापडाची शिवून घरोघर वाटली होती. त्यांचं डोकं तडकलं.

“सगळं तुझ्या थट्टेवारी. नर्स येणारे गल्लीत, कळतं का? तुझ्या एकट्याच्या हट्टापायी चाळीस जणांचं नुकसान. एक दिवस माणसासारखा वाग.”

“बघू,” दादा म्हणाला.

दादाचं ‘बघू’ म्हणजे नाही. हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. चहा उकळून वर आला होता. त्यांनी शेगडी बंद केली आणि चहा न गाळताच निघाल्या. दारातून म्हणाल्या, “तुझ्याशी बोलायचं म्हणजे दगडावर डोकं आपटायचं.”

“दुखेल तुलाच,” दादा आतून म्हणाला. त्यांच्यात झालेलं हे शेवटचं बोलणं.

बुधवारी पावणेआठला टेलरबाईंनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मोजलं. निळी फडकी दोन्ही बाजूंनी लटकत होती, आणि बघून खरंच छाती भरून येत होती. चाळीस. सातवी कडी मोकळी.

त्यांच्या कोटाच्या खिशात एक जास्तीचं फडकं होतं. ते त्यांनी रात्री मुद्दाम शिवून ठेवलं होतं. भावाला त्या ओळखून होत्या ना. त्या सातव्या दारापाशी गेल्या. दार वाजवावं का, असं एकदा मनात आलं. पण वाजवलं की तो दार उघडणार, दारात उभा राहून वाद घालणार, फडकं ओढून काढणार, आणि तेवढ्यात गाडी येणार. त्यापेक्षा लावून टाकू, नंतर येऊन शिव्या खाऊ. त्यांनी कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती बोटाने धरली आणि चोरासारखं फडकं अडकवलं. आणि लाँड्रीवाली हाका मारत होती म्हणून त्या भरभर चालत्या झाल्या.

समितीची माणसं तीन. अध्यक्ष चांगले गृहस्थ होते, वाकून प्रत्येक फडकं बघत होते. एक बाई वहीत टिपून घेत होत्या. एक माणूस कॅमेरा खांद्यावर घेऊन चालत होता. प्राध्यापकबाई थोड्या मागे, मुलीच्या परीक्षेला आलेल्या आईसारख्या हात चोळत. एक, दोन, तीन असं अध्यक्ष मोठ्याने मोजत होते. मोजत, थांबत, विचारत ते सातव्या दाराशी आले तेव्हा आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. वेळ कशावरून ठाऊक, तर ती कॅमेऱ्यात उमटलेली आहे.

“इथे कोण राहतं?” अध्यक्षांनी विचारलं.

आतून आवाज येत होता. टक. मग शांत. मग पुन्हा टक.

“माझा भाऊ,” टेलरबाई म्हणाल्या. “फ्रेमवाला. याला तर फडक्याचीही गरज नाही. जिवंत असल्याचा पुरावा कानांनी ऐकताय ना? सकाळ झाली की याची ठोकाठोक सुरू.”

सगळे हसले. कॅमेरावाल्याने कॅमेरा दारावरून टेलरबाईंच्या चेहऱ्यावर आणला. त्या हसत होत्या. टक, असा आवाज पुन्हा आला. अध्यक्ष म्हणाले, “सात,” आणि सगळे आठव्या दाराकडे गेले.

एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस भरली. मग मंडळाच्या खोलीत चहा झाला, भाषणं झाली. अध्यक्षांनी पोस्टमनचा पाय बघितला, अंध मास्तरणीने त्यांचा आवाज ऐकून त्यांचं वय बरोबर सांगितलं. पाहुणे गेले तेव्हा साडेअकरा होत आले होते. टेलरबाईंनी एक कप भरला, वर बशी झाकली आणि दादाकडे निघाल्या. कालचा चहा राहिला होता, आज दोघं बसून पिऊ, असा विचार होता. भांडण आहेच, ते काय कुठे पळून जातंय.

दारावर फडकं होतं. त्याच्या नजरेला पडू नये म्हणून आधी ते काढून त्यांनी खिशात कोंबलं. मग दार वाजवलं. मग पुन्हा वाजवलं. मग कप उंबऱ्यावर ठेवून, साठी उलटलेली ती बाई दुकानाकडे किल्लीसाठी धावली.

दादा टेबल आणि खाट यांच्या मधल्या फटीत पडला होता. अंगावर रात्रीचेच कपडे होते. टेबलाचा कोपरा लागून कानामागे खोक पडली होती, रक्त फारसं नव्हतं. उजव्या हातात हातोडी. टेबलाच्या पायावर, जमिनीपासून वीतभर वर, लाकडात बारीक गोल खळगे पडले होते. खूप होते. लाकूड आतून पांढरं दिसत होतं. शेगडीवर कालचा न गाळलेला चहा तसाच होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरने टेलरबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, “पहाटेच पडले असणार. डोक्यात आतल्या आत रक्त साकळत गेलं. गेले ते साडेनऊ-दहाच्या सुमारास.”

“शुद्ध होती?”

“हातात हातोडी होती म्हणता ना? मग बराच वेळ होती. उठता येत नसणार, ओरडताही येत नसणार.”

“आठ वाजता कळलं असतं तर?”

तो डॉक्टर तरुण होता, बोलायचं कसं हे त्याला अजून यायचं होतं. तो म्हणाला, “आठला आणलं असतं तर बहुतेक वाचले असते.”

गल्लीत मात्र हिशेब वेगळा लागला. आठला फडकं होतं, म्हणजे आठला माणूस धड होता. पडला तो नंतर. वाईट झालं, पण कोणाची चूक नाही. प्राध्यापकबाई रडत आल्या, टेलरबाईंचा हात धरून बसल्या. त्यांनी अहवालात लिहिलं की त्या दिवशी सूचक जागेवर होता, निधन त्यानंतर झालं, आणि तरीही काही तासांत शोध लागला. पूर्वी नऊ दिवस लागत, आता काही तास. टेलरबाईंनी ते वाचलं आणि कागद परत दिला. 

बोलायचं तरी काय? त्यांना सगळं माहीत होतं. फडकं त्यांनी लावलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे तो आवाज त्यांनी ऐकला होता. खिळा असा ठोकत नाहीत. खिळ्याला दोन हलके आणि एक जोराचा. त्या दिवशीचा ठोका एकेकटा होता, सारख्या अंतराने, हळू. साठ वर्षं जो ठेका कानात बसला होता तो चुकलेला त्यांना ऐकू आला होता, आणि त्यांनी पाहुण्यांना हसवलं होतं. सहा वर्षं त्या दुसऱ्यांची दारं वाजवत फिरल्या. ज्या दिवशी आतून दार वाजलं त्या दिवशी त्या पुढे निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी न राहवून त्यांनी लाँड्रीवालीला सांगितलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री तिने उभी करून ठेवली.

“कोणाला बोललात?”

“नाही.”

“बोलू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचा भाऊ तर काही परत येत नाही. सन्मान गेला तर नर्स जाईल. पोस्टमनचा पाय जाईल. फडक्यावरचा विश्वास गेला तर सगळंच जाईल. टेलरबाई, हे ओझं तुमचं आहे. ते तुम्हीच वाहा, चाळीस जणांच्या डोक्यावर देऊ नका.”

तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. टेलरबाईंनी मान हलवली. दादाच्या खोलीची किल्ली त्यांनी डब्यातून काढून वेगळी ठेवली, आणि रोज दुकान उघडायच्या आधी त्या तिथे जाऊन टेबलाच्या पायाशी बसायच्या. खळगे मोजायच्या. कधी त्रेसष्ट भरायचे, कधी पासष्ट, कारण काही एकावर एक पडले होते.

मग प्राध्यापकबाईंचा फोन आला. सन्मान मिळाला होता. “ताई, समारंभात प्रत्येक कामाची दोन मिनिटांची फिल्म दाखवणारेत. आपल्या फिल्ममध्ये तुमच्या दादांच्या दाराचा प्रसंग आहे. तुम्हाला त्रास होणार असेल तर काढायला सांगते. मला वाटलं, त्यांची आठवण राहील.”

“राहू दे,” टेलरबाई म्हणाल्या. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

समारंभ सोमवारी दुपारी होता. विद्यापीठाने गाडी पाठवली. लाँड्रीवाली, पोस्टमन, अंध मास्तरीण आणि आणखी सात-आठ जण कडक इस्त्रीचे कपडे घालून गेले. सभागृह एवढं मोठं, की पोस्टमन म्हणाला, इथे पत्र टाकायचं तर पिनकोड लागेल. सन्मान सात कामांचे होते. कोणी कैद्यांच्या मुलांना शिकवत होतं, कोणी बहिऱ्यांसाठी कचेऱ्यांमधून सोबत जात होतं. माणसं खरोखर चांगली होती, कामंही चांगली होती. प्रत्येक जोडीतला एकजण विद्यापीठाचा आणि एकजण वस्तीचा असे दोघे मिळून वर जात, ढाल दोघांनी धरायची, फोटो काढायचा, वस्तीच्या माणसाने दोन शब्द बोलायचे.

चौथा नंबर शेजार मंडळाचा. दिवे मंद झाले. भिंतीएवढ्या पडद्यावर त्यांची गल्ली आली, निळी फडकी आली, खाली कसलंसं गोड संगीत होतं. अध्यक्ष वाकून बघताना दिसले. मग सातवं दार. संगीत तिथे मुद्दाम खाली आणलं होतं, टेलरबाईंचं बोलणं ऐकू यावं म्हणून.

टक.

“जिवंत असल्याचा पुरावा कानांनी ऐकताय ना?” पडद्यावरची बाई म्हणाली, आणि सभागृहात तीनशे माणसं हसली. कौतुकानेच हसली.

टक.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. प्राध्यापकबाईंनी टेलरबाईंना हाताला धरून वर नेलं. अध्यक्षांनी ढाल दिली, फोटो झाला, माइक पुढे आला. टेलरबाईंनी घरून एक चिठ्ठी लिहून आणली होती. विद्यापीठाचे आभार, मंडळाच्या बायकांचे आभार. ती पर्समध्येच राहिली.

“ती फिल्म परत लावता येईल का?” त्या म्हणाल्या. “त्या दाराची. तेवढीच.”

कोणाला काही कळलं नाही, पण भाऊ गेलेली बाई मागतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार. पुन्हा गल्ली आली, दार आलं. टक. शांत. टक. पडद्यावरची बाई हसली. या खेपेला कमी माणसं हसली.

“थांबवा,” टेलरबाई म्हणाल्या. “तो आवाज आहे ना, तो माझा भाऊ. तो काम करत नव्हता. तो पहाटेच पडला होता आणि हातोडीने टेबलाचा पाय वाजवून मला बोलावत होता. मी दाराबाहेर उभी होते, बघताय ना तुम्ही. दारावरचं फडकं त्याने लावलेलं नाही. मी लावलं. एक्केचाळीस भरावीत म्हणून. हा आठ वाजून बारा मिनिटांचा फोटो आहे. तो साडेनऊनंतर गेला.”

त्यांनी ढाल टेबलावर ठेवली. मागे कुठेतरी एका माणसाने सवयीने टाळ्या सुरू केल्या, तीन-चार वाजवल्या आणि मग त्याच्या लक्षात आलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. ते स्वतः त्या दाराशी ‘सात’ म्हणाले होते. प्राध्यापकबाई माइककडे निघाल्या. टेलरबाई पायऱ्या उतरून खाली आल्या.

बाहेर प्राध्यापकबाईंनी त्यांना गाठलं. “मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही काय केलं असतं?”

प्राध्यापकबाईंनी खोटं सांगितलं नाही. “माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आता सगळा अहवाल पुन्हा तपासतील. उद्या मंगळवार. नर्स येईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.”

परतीच्या गाडीत लाँड्रीवाली खिडकीबाहेर बघत होती. गल्लीच्या तोंडाशी उतरताना ती एवढंच म्हणाली, “केलंत मोकळं मन. आता पोस्टमनचा पाय तुम्ही धुवा.”

तिचा राग बरोबर होता. 

मंगळवारी आठला टेलरबाई गल्लीच्या तोंडाशी आल्या. फेरी चुकवायची नाही हा नियम त्यांचाच. त्यांनी बघितलं. रात्रीतून बातमी घरोघर गेली होती, आणि एकाही कडीला फडकं नव्हतं. दोन्ही बाजूंना चाळीस दारं, उघडीबोडकी. त्यांना वाटलं, घ्या, मिळालं फळ. सहा वर्षांचं काम एका दुपारीत गेलं, आणि गेलं ते आपल्याच हाताने गेलं.

तरी फडकं नाही तिथे दार वाजवायचं, हाही नियमच. त्यांनी पहिलं दार वाजवलं. पोस्टमनने उघडलं. पाय बांधलेला होता, फडकं घडी करून हातात होतं. तो काल सभागृहात दुसऱ्या रांगेत होता.

“फडकं राहिलं लावायचं?” टेलरबाईंनी विचारलं. 

“राहिलं नाही. लावलं नाही,” पोस्टमन म्हणाला. त्याच्या बोलण्यात माया नव्हती, राग होता. “फडकं काय, कोणीही लावतं. माझं दार वाजवायचं, मला डोळ्यांनी बघायचं आणि मग पुढे जायचं. रोज. नर्स घालवलीत, एवढं तरी करा.”

“बरं,” टेलरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दारात अंध मास्तरणीने त्यांचा हात धरून चाचपला, हातात काही नाही ना हे बघितलं आणि मग सोडला. तिसऱ्या दाराने बोलायला लावलं. चौथ्याने नुसती मान हलवली आणि दार लावून घेतलं. पाचव्या म्हाताऱ्याला उठून दारापर्यंत यायला वेळ लागला, त्या थांबल्या. सहावीने विचारलं, “तुम्ही जेवता का नीट?” आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

मग त्या सातव्या दारापाशी आल्या. कडी मोकळी होती. इथे आता कोणी राहत नव्हतं, वाजवायचं कारण नव्हतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. एकेक दार वाजवत, एकेक माणूस बघत, कोणाची वाट बघत त्या इथवर आल्या होत्या, आणि आठ वाजून बारा मिनिटं झाली होती.

त्या तिथे जरा उभ्या राहिल्या. मग आठव्या दाराकडे गेल्या आणि ते वाजवलं.